दोघांची चिठ्ठी

ऑर्लिनने मला रेल्वेचं तिकीट पाठवलं तेव्हाच मी ओळखलं, ह्याला काहीतरी हवंय.

ऑर्लिन हॉवलंड म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तो तिकडे वॉशिंग्टन राज्यात वेनाचीला, मी इकडे नॉर्थ डकोटात मिनोटला. अकरा वर्षांत त्याने मला नाताळचं साधं कार्ड पाठवलं नव्हतं. मीही पाठवलं नव्हतं, पण ते सोडा. आणि आता एक दिवस टपालात पाकीट. आत मिनोट ते वेनाची असं बसायच्या डब्याचं तिकीट आणि पेन्सिलीने खरडलेल्या दोन ओळी: ‘नऊ सप्टेंबर, सकाळची गाडी. पॉइंटांवर काढलंय, पैसे पडलेले नाहीत. ऑर्लिन.’

‘कशी आहेस’ नाही, ‘ये’ नाही. पैसे पडलेले नाहीत, हे मात्र आवर्जून.

तो पॉइंट जमवतो हे मला ठाऊक होतं. सफरचंदांच्या गोदामात त्याने तीस वर्षं पेट्या भरल्या आणि निवृत्त झाल्यावर सगळी खरेदी रेल्वेच्या त्या एका कार्डावर करायला लागला, म्हणजे साठलेल्या पॉइंटांवर तिकीट फुकट मिळतं. डिझेल, खिळे, मांजराचं खाणं, सगळं. चुलतबहीण सांगायची की कुणी त्याला दोन डॉलरची कॉफी पाजायला निघालं तर हा म्हणायचा, थांब, कार्ड मी देतो, पैसे तू मला रोख दे. असा माणूस आपले पॉइंट माझ्यावर उधळतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

मी तो कागद डेल्फाला दाखवला. डेल्फा माझी शेजारीण. तिचा नवरा विमा कंपनीत खोटे दावे पकडायचं काम करायचा, त्यामुळे संशय घेण्यात तिचा हात कुणी धरत नाही. तिने चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि पहिल्या झटक्यात म्हणाली, “अगं आर्डिस, हा वरून कापलाय.”

खरंच. कागदाचा वरचा भाग कात्रीने सरळ कापून टाकला होता. खाली फक्त तारीख, गाडी, स्टेशनांची नावं आणि तो चौकोनी ठिपक्याठिपक्यांचा शिक्का, जो कंडक्टर मशीनने टिपतो.

“पाकीट लहान होतं म्हणून कापला असेल,” मी म्हटलं.

“घडी घालता येत नाही का त्याला? कापलाय म्हणजे लपवलंय. आणि हे बघ, जायचंच आहे फक्त. परतीचं कुठाय?”

परतीचं नव्हतंच. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

“एकेरी!” डेल्फाने लिंबाच्या वडीचा तुकडा तोंडात टाकला आणि बोटं पुसली. “त्याला आता कुणीतरी उठवायला-बसवायला हवंय. फुकटची नर्स. नाहीतर तुझी किडनी.”

“माझी किडनी एकाहत्तर वर्षांची आहे.”

“त्याची त्र्याहत्तरची आहे ना? मग.”

मला किडनीचं काही वाटलं नाही. माझा संशय वेगळा होता. वडिलांनी तळ्याकाठची केबिन आम्हां दोघांच्या नावावर ठेवली होती. माझ्या सहीशिवाय ती विकता येत नव्हती. मनात म्हटलं, सहीच हवीय ह्याला. घरी बोलावून, सॅल्मन मासा खाऊ घालून, टेबलावर कागद सरकवणार. मी ठरवलं, जायचं. जायचं, समोर बसायचं आणि त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायचं. आणि लगेच निघता यावं म्हणून वेनाचीहून तिसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट मी माझ्या पैशांनी काढून ठेवलं. डेल्फाच्या आग्रहावरून, परत करता येणारं.

आमचं बिनसलं कशावरून तेही सांगून टाकते. आजीने नॉर्वेहून आणलेला आईचा एक चांदीचा ब्रोच होता. त्याला खाली बोराएवढ्या खोलगट वाट्या लोंबायच्या, चाललं की किणकिणायच्या. मुळात आठ होत्या, एक मी सात वर्षांची असताना मोडली. निदान आईने तरी मलाच धरलं आणि अख्खा रविवार खोलीत बसवून ठेवलं. आई गेली तेव्हा ब्रोच तिच्या पेटीत नव्हता. आदल्या रात्री त्या खोलीत ऑर्लिन झोपला होता. चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतरचं जेवण चाललेलं, हॅमचे सँडविच वाढणाऱ्या बायका भोवती, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, “ब्रोच कुठे गेला ते ऑर्लिनला विचारा.” त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. “बटणांच्या डब्यात बघ,” एवढंच म्हणाला आणि संध्याकाळच्या आत गावातून निघून गेला. मी म्हटलं, बघा, चोर कसा बोट दुसरीकडे दाखवतो.

तर नऊ तारीख. आदल्या दिवशीपासून मला एका अनोळखी नंबरवरून फोन येत होते. नंबर टेक्सासचा. माझं टेक्सासमध्ये कुत्रंसुद्धा ओळखीचं नाही. एकदा रात्री नऊला, मग सकाळी सहाला, मग मी बॅग घेऊन दाराबाहेर पडत होते तेव्हा आठला. डेल्फाने बजावून ठेवलं होतं की असले फोन उचलायचे नाहीत, आवाज चोरतात आणि त्या आवाजात बँकेशी बोलतात. प्रत्येक वेळी मागे निरोप ठेवल्याची खूण दिसायची. मी ते ऐकलेही नाहीत. आठचा फोन आल्यावर मी तो नंबर बंदच करून टाकला आणि डेल्फाच्या गाडीत बसले.

गाडी त्या दिवशी वेळेवर. आमच्याकडे हीसुद्धा संशयास्पदच गोष्ट.

डब्याच्या दारात अटेंडंट बाई उभी होती. उंच, लांब नखांना जांभळा रंग. तिने विचारलं, “कुठे?”

“वेनाची.”

हातातल्या यादीवर तिने नजर टाकली, दोन सीट दाखवल्या आणि वरच्या सामानाच्या फळीखाली एक चिठ्ठी खोचली. बसायच्या डब्यात हीच पद्धत. कोण कुठे उतरणार ते डोक्यावर लिहून ठेवतात, म्हणजे त्याला वेळेवर उठवता येतं. मी बसले, कोट काढला आणि वर बघितलं. ‘वेन’ लिहिलं होतं आणि त्याखाली ‘२’.

दोन कशाला? मी इकडेतिकडे बघितलं. मधल्या वाटेपलीकडे आमिश जोडपं बसलं होतं, घरात वीजसुद्धा न घेणाऱ्या जुन्या पंथातलं, तो दाढीवाला, ती काळ्या टोपीत. त्यांच्या डोक्यावरही ‘२’, पण ते होतेच दोघं. बाई माझ्याकडे बघून हसली. मी हसले नाही. माझ्या शेजारी कुणीतरी येणार होतं आणि ते कोण हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, असं मला वाटायला लागलं.

गाडी सुटली. धान्याच्या कोठ्या मागे पडल्या आणि कंडक्टर आला. जाडजूड, मिशा पांढऱ्या, मशीन पट्ट्याला लटकवलेलं. त्याने माझ्या कागदावरचा शिक्का टिपला, मशीनकडे बघितलं, मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे.

“आणि दुसरे कुठे गेले, मॅडम? बाथरूमला?”

“दुसरं कोण? मी एकटी आहे.”

“ह्या तिकिटावर दोघं आहेत. आर्डिस हॉवलंड आणि ऑर्लिन हॉवलंड. दोघंही मिनोटहून, पॉइंटांवर.”

कागद का कापला ते आता कळलं. वरच्या भागात नावं होती. त्याने मला माझ्या नकळत स्वतःबरोबर बांधून घेतलं होतं. म्हणजे वेनाचीला टेबल नाही, सॅल्मन नाही. गाडीतच, एक दिवस आणि एक रात्र, मला उठून जाता येणार नाही अशा जागी तो शेजारी बसणार आणि कागद पुढे करणार.

“तो चढलेला नाही,” मी म्हटलं.

“नक्की? पुढच्या स्टेशनला गाठणार असतील तर सांगा. मी मशीनमध्ये तसंच ठेवतो. एकदा ‘आला नाही’ दाबलं की तिकीट मेलं. पॉइंटही परत मिळत नाहीत.”

“दाबा,” मी म्हटलं.

“विचारून घ्या हवं तर. फोन असेल ना त्यांच्याकडे?”

“दाबा म्हटलं ना. त्याच्या पॉइंटांची काळजी त्याला.”

त्याने खांदे उडवले आणि दाबलं. मशीन एकदाच टिक् वाजलं. मी पाय सैल सोडले. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. चांगलंच बरं वाटलं.

पण पाच मिनिटांत मनात किडा वळवळायला लागला. तिकीट मिनोटहून म्हणजे तो मिनोटात आलेला असणार. मिनोटात आला तर चढलेला असणार. ऑर्लिन पॉइंट वाया घालवील? शक्यच नाही. म्हणजे हा गाडीत आहे. दुसऱ्या डब्यात बसलाय आणि मी जरा निवांत झाले की येणार. लहानपणी लपाछपीत तो असाच तासभर कोठारात पडून राहायचा.

मी उठले. पर्स काखेत घट्ट धरली आणि डबे शोधत निघाले. पहिल्या डब्यात एक माणूस टोपी तोंडावर ओढून झोपला होता. पायांत ऑर्लिनसारखे बूट. मी टोपी उचलली. तिशीतला पोरगा, तेलाच्या विहिरीवर कामाला जाणारा.

“काय पायजे, आजी?”

“काही नाही. झोप.”

मोठ्या खिडक्यांच्या डब्यात लोक पत्ते खेळत होते. खालच्या उपाहारगृहात रांग. बाथरूमची तीन दारं मी ठोठावली. एकातून बाईचा आवाज आला, एक उघडंच होतं आणि तिसऱ्यातून कुणीतरी ओरडलं, “भरलंय, दिसत नाही का?” मी तिथेच उभी राहिले, तो बाहेर येईपर्यंत. बाहेर आला तो एक पाद्री. आता मला स्वतःचीच जरा लाज वाटली, पण जराच.

परत आले तर आमिश बाई म्हणाली, “तुमच्या माणसाला शोधताय का?”

“माझा माणूस नाही तो. भाऊ आहे.”

“भाऊ माणूसच असतो ना,” ती म्हणाली आणि रुमालात बांधलेला, सफरचंद भरलेल्या गोड ‘पाय’चा तुकडा पुढे केला. मी नको म्हटलं. अनोळखी माणसाच्या हातचं मी खात नाही.

तेवढ्यात गाडी हळू झाली, रूळ बदलल्याचा खडखडाट झाला आणि ती बाजूच्या रुळावर जाऊन थांबली. ह्या भागात एकच रूळ. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने बाजूला थांबायचं. वरच्या कर्ण्यातून कंडक्टरचा आवाज आला. “मंडळी, आपण इथे अर्धा तास थांबतोय. आपली जोडगाडी पश्चिमेकडून येतेय. ती काल रात्री साडेनऊला मिनोटला पोचायची होती. मोंटानात पुढे मालगाडी बंद पडली होती, म्हणून बारा तास उशीर. त्यातल्या लोकांना हात करा, बिचाऱ्यांची रात्र वाईट गेलीय.”

लोक हसले. मी हसले नाही. पश्चिमेकडून येणारी गाडी वेनाचीवरून येते.

काल रात्री साडेनऊला मिनोट. फोन रात्री नऊला. मग सहाला, आठला. ऑर्लिनकडे खिशातला फोन नाही, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा आहे. म्हणजे फोन कुणाचा तरी मागून घेतलेला. टेक्सासच्या कुणाचा तरी.

मी फोन काढला. निरोप कुठे असतात तेच सापडेना. शेवटी आमिश बाईच्या नवऱ्याने मान वाकवून बघितलं आणि म्हणाला, “ते खालचं दाबा वाटतं.” ज्यांच्या घरात वीज नाही त्यांनी मला फोन शिकवला.

पहिला निरोप. मागे गाडीचा आवाज. “आर्डी, ऑर्लिन बोलतोय. गाडी अडकलीय. मी रात्री मिनोटला येऊन सकाळी प्लॅटफॉर्मवर तुला गाठणार होतो. घरी नाही आलो मुद्दाम. प्लॅटफॉर्मला दार नसतं, तुला लावून घेता आलं नसतं. आता सकाळच होणार असं दिसतंय. तर बघ.”

दुसरा. “आर्डी, अजून तिथंच आहोत. चढू नकोस. तिकीट सुटायच्या आधी बदलता येतं म्हणतात, पण दोघांचं एकच आहे. तू चढलीस की माझं मेलं. काउंटरवर सांग आणि उद्याचं करून घे.”

तिसरा. बराच वेळ नुसता खडखडाट. “तू उचलणार नाहीस, मला माहीत आहे. बरं, ऐक तरी. डोळ्यांचं झालंय माझ्या. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. नाताळपर्यंत तेही जाईल म्हणाला डॉक्टर. मला एकदा ते मोंटानातले डोंगर बघायचे होते, संध्याकाळी जाताना, बाबा रेल्वेच्या पासवर न्यायचे तसे. एकट्याने बघण्यात काय मजा. खिडकीवरून भांडायला कुणीतरी लागतं. पॉइंट दोघांच्या एका बाजूच्या तिकिटालाच पुरले. परतीचं मग बघू म्हटलं. सही-बिही काही नको मला, तुला वाटेल तसं, म्हणून सांगून ठेवतो. हा फोन आता ह्या भल्या माणसाला परत देतो.”

मी फोन मांडीवर ठेवला. बाहेर ती गाडी आली.

हळू जात होती, आमच्यापासून चार हातांवर. खिडकीमागून खिडकी. लोक हात करत होते, त्यांची तोंडं रात्रभर न झोपलेली. तिसऱ्या का चौथ्या डब्यात खिडकीशी तो बसला होता. बी-बियाण्याच्या दुकानाची तीच लाल टोपी. एवढा म्हातारा झालाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने तळहात काचेवर ठेवला होता आणि तो सरळ माझ्याकडे बघत होता, अगदी माझ्या तोंडाकडे. मी उभी राहिले. दोन्ही हात हलवले, काचेवर थापा मारल्या, “ऑर्लिन!” म्हणून डबाभर ओरडले. तो तसाच बघत राहिला आणि गाडी त्याला घेऊन पुढे गेली.

समोरचं त्याला दिसत नाही. आत्ताच ऐकलं होतं की मी.

आणि आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं, डेल्फालासुद्धा नाही, ते सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या कोटाचं बटण तुटलं. आईचा बटणांचा डबा काढला, ओतला, आणि बटणांबरोबर टेबलावर ब्रोच पडला. आईने म्हातारपणी तिथे लपवून ठेवला असणार, चोरांच्या भीतीने. हा स्वभाव आमच्या घरात कुठून आला ते उघडच आहे. ऑर्लिन त्या रात्री तिथे झोपला होता, त्याने बघितला असणार. त्याने मला सांगितलंही होतं. मी त्याला फोन करायला हवा होता. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता चार वर्षं गेली, आणि एवढ्या उशिरा कुठल्या तोंडाने करायचा म्हणून मी त्याच्यावर आणखीच संशय घेत राहिले. त्याला आणखी काहीतरी वाईट करताना पकडलं की माझं जुनं फिटेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. ब्रोच आत्ता माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होता. का घेतला होता बरोबर, विचारू नका.

मी त्या टेक्सासच्या नंबरवरची बंदी उठवली आणि फोन लावला. एक जाडा आवाज म्हणाला, “बहीण का? हे घ्या, शेजारीच बसलेत.”

“ऑर्लिन,” मी म्हटलं, “मिनोटला उतर आणि तिथेच बस. बाकावरून हलू नकोस.”

“तू कुठेयस?”

“आत्ता तुझ्या शेजारून गेले, गाढवा.”

“चढलीस तू. मी सांगितलं होतं चढू नकोस म्हणून.”

“हो, सांगितलं होतंस.”

कंडक्टर परत आला तेव्हा मी बॅग खाली काढून उभी होते. “मला पुढच्या स्टेशनला उतरायचंय.”

“स्टॅनलीला? मॅडम, उतरलात तर तुमचंही तिकीट तिथेच मेलं. नंतर पुढे जाता येणार नाही त्याच्यावर.”

“मगाशी मी जे दाबायला लावलं ते परत घेता येतं का?”

त्याने मशीनकडे बघितलं आणि मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. वर हात करून त्याने चिठ्ठी ओढली. नियमाप्रमाणे ती फाडून टाकायची असते. “ठेवू का मी?” मी विचारलं. त्याने दिली. आमिश बाईने रुमालातला तो गोड तुकडा माझ्या कोटाच्या खिशात घातला आणि ह्या वेळी मी नको म्हटलं नाही.

स्टॅनलीला उतरून मी डेल्फाला फोन केला. ती चौपन्न मैल गाडी हाकत आली आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “डोळ्यांचं म्हणतोय. कागद बघितलेस का डॉक्टरांचे?”

“डेल्फा, गाडी चालव.”

“मी आपलं विचारलं.”

“आयुष्यात एकदा तरी गप्प बस.”

ती गप्प बसली. मला वाटतं तिलाही ते नवीन होतं.

मिनोटच्या स्टेशनात तो भिंतीजवळच्या बाकावर बसला होता, गुडघ्यांवर बॅग, टोपी हातात. माझी पावलं ऐकून त्याने मान किंचित वाकडी केली, कोंबडी दाण्याकडे एका डोळ्याने बघते तशी. आता तो असाच बघतो.

“आर्डी?”

“हो.”

“वजन वाढलंय तुझं. पावलांवरून कळतं.”

मी काउंटरवर गेले. माझं ते गुपचूप काढलेलं परतीचं तिकीट रद्द केलं, वर थोडे पैसे घातले आणि उद्या सकाळची दोन काढली, वेनाचीपर्यंत, बसायच्या डब्याची. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पॉइंटांचं खातं आहे का. मी काही म्हणायच्या आत ऑर्लिन मागून म्हणाला, “तिच्या नावाने उघडा. माझे संपले. तिला परत यायला लागतील.”

मग मी त्याच्या शेजारी बसले आणि पर्समधून ब्रोच काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने मूठ मिटली, उघडली, अंगठ्याने एकेक वाटी चाचपली. बारीक किणकिण झाली. डेल्फा दाराशी उभी होती, ती बाहेर बघायला लागली.

“डब्यात होता?” त्याने विचारलं.

“डब्यात होता.”

“कधी सापडला?”

खोटं बोलता आलं असतं. गेल्या आठवड्यात, असं म्हटलं असतं तर त्याला कळलं नसतं. “चार वर्षं झाली,” मी म्हटलं. “मला लाज वाटते, ऑर्लिन. माफ कर.”

तो बराच वेळ वाट्या मोजत राहिला. सात. पुन्हा पहिलीपासून. आठव्या जागी रिकाम्या कडीवर त्याचा अंगठा थांबला.

“ही तुझ्याकडून मोडली नव्हती,” तो म्हणाला. “मी मोडली. गोफणीत घालून उडवायला बघत होतो. आईने तुला धरलं आणि मी गप्प बसलो.”

“काय?”

“चौसष्ट वर्षं झाली. तुला कधी संशय आला नाही?”

“नाही,” मी म्हटलं. खरंच आला नव्हता. एवढ्या वर्षांत मी त्याच्यावर कशाकशाचा संशय घेतला, आणि जे त्याने खरोखर केलं होतं तेवढंच सुटलं. मी तर समजत होते की वाटी माझ्याच हातून मोडली. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं.

तो म्हणाला, “उद्या खिडकी कुणाची?”

“माझी. वाटी तू मोडलीस.”

“बरं,” तो म्हणाला. “मग काय काय दिसतं ते सांगत जा.”

मी त्याचा हात धरला, ब्रोचसकट. “खिडकी तुझीच आहे, ऑर्लिन. तुला कडेचं दिसेल तेवढं तू बघ. मधलं मी सांगते. फक्त मी सांगेन त्यावर विश्वास ठेव.”

त्याने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं.

“ते बघू,” तो म्हणाला.